वेदीजवळचा झेंडा आणि रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय: कोकणातल्या एका मंडळीचे प्रकरण

पार्श्वभूमी

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरची ही एक लहान मराठी प्रोटेस्टंट मंडळी. कुटुंबे मोजकीच. त्यांत एक निवृत्त शाळामास्तर, आखातात नोकरी करून परतलेली एक नर्स, हापूसच्या कलमांची नर्सरी चालवणारे एक वडील सभासद आणि नोकरीसाठी रोज एसटीने ये-जा करणारी तरुण मुले. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव गाळले आहे आणि माणसांचे काही तपशील बदलले आहेत. मी या मंडळीच्या शास्त्राभ्यासाला बसत असे, त्यामुळे बरेचसे समोर घडलेले पाहिले. बाकीचे पाळकांनी सांगितले.

इस्राएल आणि ख्रिस्ती मंडळी यांचे नाते काय, या प्रश्नावर जगभरच्या ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत. बहुतेक ठिकाणी हा वाद पुस्तकांतून चालतो, कारण यहूदी माणूस शेजारी राहत नसतो. आपल्या किनाऱ्यावर मात्र तो शतकानुशतके राहिला आहे. नौगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्राएल या कोकणातल्या यहूदी समाजाची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावे गावांवरून पडली: पेणकर, किहीमकर, नौगावकर, चेऊलकर. अलिबागेत आजही इस्राएल आळी आहे आणि तिथे सिनेगॉग, म्हणजे यहूदी प्रार्थनास्थळ, उभे आहे.

आपल्या मिशनचाही या समाजाशी जुना संबंध आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत 1813 साली सुरू झाले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन 1829 साली मुंबईत आले आणि 1832 साली त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले, तेही मुख्यतः बेने इस्राएल विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून. मिशनच्या शाळांत या समाजाची मुले शिकली, जुना करार मराठीतून वाचू लागली. ख्रिस्ती फार थोडे झाले. बाकीचे आपल्या धर्मात अधिक पक्के झाले. हा इतिहास आपल्या मंडळ्यांत क्वचितच सांगितला जातो, आणि तो सांगायला हवा असे मला मनापासून वाटते.

1948 नंतर या समाजातली बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. या गावात एकच घर उरले. चर्चपासून दोन आळ्या सोडून राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या एक विधवा बाई. गाव त्यांना मावशी म्हणते. त्यांचे शिक्षण मिशनच्या शाळेत झाले, कितीतरी स्तोत्रे त्यांना मराठीतून तोंडपाठ आहेत. घरी मलिदा, म्हणजे त्यांच्या समाजाचा आभाराचा विधी, झाला की गूळखोबरे घातलेल्या पोह्यांचे आणि फळांचे ताट पाळकांच्या घरी येते. त्यांच्या बहिणीचे कुटुंब इस्राएलातल्या अश्दोदला असते.

प्रश्न कसा उभा राहिला

7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने इस्राएलवर हल्ला केला आणि पाठोपाठ गाझात युद्ध सुरू झाले. तरुण संघाचा प्रमुख गेली काही वर्षे भविष्यवाणीवरची व्हिडिओ-प्रवचने नेमाने ऐकत होता. नोव्हेंबरातल्या एका रविवारी त्याने ऑनलाइन मागवलेला इस्राएलचा झेंडा आणला, वेदीजवळच्या फुलदाणीशेजारी उभा केला आणि ‘देवाच्या निवडलेल्या राष्ट्राच्या विजयासाठी’ प्रार्थना केली. त्याची कळकळ खरी होती. अब्राहामाला आशीर्वाद देणाऱ्यांना देव आशीर्वाद देईल, हे उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायातले वचन त्याने भर उपासनेत वाचून दाखवले.

नर्सबाई प्रार्थना चालू असतानाच उठून बाहेर गेल्या. कुवेतच्या हॉस्पिटलात त्यांच्यासोबत एक पॅलेस्टिनी नर्स होती, बेथलेहेमजवळच्या बेत साहूरची, पिढ्यान् पिढ्यांची ख्रिस्ती. “ती पण आपलीच बहीण ना? तिच्या माणसांसाठी एक शब्द नाही?” एवढेच त्या पाळकांना म्हणाल्या.

मास्तरांना झेंडा वेगळ्याच कारणाने खटकला. त्यांचे म्हणणे सरळ होते. यहूदी राष्ट्राने ख्रिस्ताला नाकारले, तिथेच त्यांचा करार संपला, आता मंडळी हीच इस्राएल. मत्तय 21:43, इब्री 8:13 आणि पेत्राच्या पहिल्या पत्रातला ‘निवडलेला वंश’ ही वचने त्यांच्या जिभेवर होती.

पाळकांनी झेंडा गुपचूप कपाटात ठेवला आणि विषय वाढू दिला नाही. हा पहिला निर्णयाचा क्षण. त्यांना वाटले, लोक विसरतील.

मग 29 मार्च 2024 चा उत्तम शुक्रवार आला. मंडळीत दरवर्षी येशूच्या दुःखसहनाचे नाटक होते. संहिता जुनी, एका दिवंगत सभासदाने लिहिलेली. तिच्यात रोमी सुभेदार पिलातासमोर ओरडणाऱ्या जमावाला नाव एकच: ‘यहूदी’. शिष्यांना, मरीयेला, खुद्द येशूला मात्र ते नाव कुठेही नाही. जमावातल्या मुलांना सुतळीच्या दाढ्या लावल्या होत्या आणि पंच्यांना निळ्या रेघा मारून खांद्यावर शाली दिल्या होत्या. ‘त्याचे रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर असो’ हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटले, कारण दिग्दर्शकाला ते परिणामकारक वाटले होते.

प्रेक्षकांत मावशींची ठाण्याहून सुट्टीला आलेली नात होती. चर्चमधल्या मैत्रिणींनीच तिला बोलावले होते.

सोमवारी संध्याकाळी मावशी पाळकांच्या घरी आल्या. आवाज चढवला नाही. “पाळकसाहेब, माझी नात विचारते, आजी, आपण मारलं का यांच्या देवाला? तिला काय सांगू?” आणि उठताना म्हणाल्या, “तुमच्या देवळात आमचा झेंडा लावला होतात म्हणे. झेंड्याचं मला काय? माझा भाचा तिकडे लष्करात आहे. त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा, बहिणीला कळवते.”

एकाच इमारतीत एक गट इस्राएलला डोक्यावर घेत होता आणि दुसरा पुसून टाकत होता. दोन आळ्यांपलीकडे राहणारी बाई दोघांच्याही हिशेबात नव्हती. प्रकरणाचे खरे दुखणे मला इथे दिसते.

कोणते पर्याय विचारात घेतले

पंच समितीच्या बैठकीत चार सूचना आल्या.

पहिली: विषय बंद. राजकारण उपासनेत नको. ही सूचना सर्वांत सोपी होती आणि नोव्हेंबरात तिचाच प्रयोग झाला होता. बोलणे थांबल्याने मते बदलली नव्हती, उलट ती व्हॉट्सॲपवर जाऊन घट्ट झाली होती.

दुसरी: समितीने एक भूमिका घेऊन वाचून दाखवावी. कोणती, यावर बैठकच दुभंगली असती.

तिसरी: मुंबईहून एखादे मोठे वक्ते बोलवावेत. तरुण संघाकडे एक नाव तयार होते, मास्तरांकडे दुसरे. म्हणजे भांडण वक्त्यांच्या निवडीवर गेले असते.

चौथी सूचना नर्सरीवाल्या आजोबांची. “रोमकरांस पत्राचे नऊ, दहा, अकरा हे तीन अध्याय आपण कधी सलग वाचलेत का? नाही. आधी वाचूया. नाटकाचं मात्र आत्ताच ठरवा, त्याला अभ्यास लागत नाही.”

पाळकांनी चौथी सूचना उचलली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा भाग म्हणजे त्यातले दुसरे वाक्य. धर्मशास्त्राचा गुंता सुटायला महिने लागतील. एका मुलीला झालेल्या दुखापतीची दखल घ्यायला तितके थांबायचे कारण नव्हते.

काय केले

पाळक आणि नाटकाची दिग्दर्शिका मावशींकडे गेले आणि नातीची माफी मागितली. स्पष्टीकरणे दिली नाहीत, हे चांगले केले. येशू स्वतः यहूदी होता, त्याची आई यहूदी होती, त्याच्यासाठी रडणाऱ्या बायका यहूदी होत्या आणि मारणारे सैनिक रोमी होते, एवढे त्यांनी त्या मुलीला सांगितले.

शास्त्राभ्यास पावसाळाभर चालला, बुधवारी संध्याकाळी. पहिल्या बैठकीत पाळकांनी फळ्यावर तीन रकाने पाडले: शास्त्रातले इस्राएल, यहूदी लोक, आणि 1948 साली स्थापन झालेले राज्य. कोणीही वचन सांगितले की ते कोणत्या रकान्यात जाते हे सांगणाऱ्यानेच ठरवायचे. तरुण संघाचा प्रमुख पहिल्या दिवशी सगळी वचने तिसऱ्या रकान्यात घालत होता. मास्तर सगळी पहिल्यात. मधला रकाना बराच वेळ रिकामा राहिला.

मग इतिहासाची उजळणी झाली. मंडळीच खरे इस्राएल, हा विचार जुना आहे. दुसऱ्या शतकात हुतात्मा जस्टिनने तो ट्रायफो नावाच्या यहूद्याशी झालेल्या संवादात मांडला. पण त्याच शतकात मार्सियनने जुना करारच टाकून द्या म्हटले, तेव्हा रोमच्या मंडळीने 144 च्या सुमारास त्याला बाहेर काढले. म्हणजे इस्राएलचा देव आणि इस्राएलचे ग्रंथ सोडायला मंडळी तयार नव्हती. पुढे मात्र ‘त्यांची जागा आपण घेतली’ या शिकवणुकीतून यहूद्यांचा तिरस्कार पोसला गेला. 1543 साली धर्मसुधारक मार्टिन लूथरने त्यांची सभास्थाने जाळायला सांगणारे लिखाण केले. मास्तर लूथरचे चाहते. हे ऐकून ते त्या दिवशी काही बोलले नाहीत, पण पुढच्या बुधवारी स्वतः वाचून आले आणि म्हणाले, “लिहिलंय खरं.”

तरुण संघाच्या मुलांना दुसरा धक्का बसला. व्हिडिओंतली मांडणी, म्हणजे देवाच्या दोन वेगळ्या योजना, एक इस्राएलसाठी आणि एक मंडळीसाठी, ती प्रेषितांच्या काळापासून चालत आली आहे असे त्यांना वाटत होते. ती 1830 च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणुकीतून आकाराला आली आणि 1909 साली निघालेल्या स्कोफिल्डच्या टीपांसह बायबलमुळे दूरवर पसरली. नवी म्हणून ती चुकीची ठरत नाही, हेही पाळकांनी तिथल्या तिथे सांगितले. ते आवश्यक होते. मुलांना हरवण्यासाठी इतिहास वापरला असता तर ती पुढच्या बुधवारी आली नसती.

या दोन टोकांच्या मध्ये सुधारणावादी (रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या वळणाच्या प्रोटेस्टंट) परंपरेचे मत येते: देवाची प्रजा एकच, जुन्या करारातही आणि नव्यातही, आणि परराष्ट्रीय तिच्यात सामील झाले. कॅथलिक चर्चने 28 ऑक्टोबर 1965 रोजी ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात म्हटले की ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सगळ्या यहूद्यांवर सरसकट टाकता येत नाही आणि आजच्या यहूद्यांवरही टाकता येत नाही. आणि 2009 साली पॅलेस्टिनी ख्रिस्ती नेत्यांनी ‘कैरोस पॅलेस्टाइन’ हे निवेदन काढून, आमच्या जमिनीवरच्या ताब्याला शास्त्राचा आधार देऊ नका असे जगभरच्या मंडळ्यांना कळवले. ते नर्सबाईंनी वाचून दाखवले. तरुण संघाच्या प्रमुखाने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले, पटले मात्र नाही.

सर्वांत भरलेली बैठक अकराव्या अध्यायाची. या पत्राचा लेखक प्रेषित पौल तिथे जैतुनाच्या झाडाचे उदाहरण देतो: काही फांद्या तोडल्या गेल्या आणि त्यांच्या जागी रानजैतुनाची फांदी बांधली गेली. त्या दिवशी नर्सरीवाले आजोबा पिशवीतून सामान घेऊनच आले. दिवस कोय कलमांचेच होते. त्यांनी कोवळे रायवळ, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या साध्या आंब्याचे, रोप हातात घेतले, शेंडा छाटला, मधोमध चीर दिली, हापूसची काडी पाचरीसारखी तासून तिच्यात बसवली आणि प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली. हे करताना ते म्हणाले, “आम्ही आयुष्यभर हेच केलं. मूळ रायवळ, काडी हापूसची. फळ काडीचं. पौल उलटं सांगतोय. मूळ जातिवंत आणि काडी रानटी. असं कोणी नर्सरीवाला करणार नाही.”

कोणीतरी म्हणाले, पौल शहरातला माणूस, त्याला बागायतीतले कळत नसेल. तेव्हा पाळकांनी चोविसावे वचन वाचायला लावले. हे निसर्गाविरुद्ध आहे, असे पौल स्वतःच म्हणतो. त्याला माहीत होते. त्याच्या आधी अठरावे वचन: फांद्यांपुढे बढाई मारू नको, तू मुळाला आधार देत नाहीस, मूळ तुला देते.

मास्तर बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, “तोडलेल्या फांद्या परत लावायला देव समर्थ आहे, तेविसाव्यात आहे. म्हणजे झाड आपल्या नावावर झालेलं नाही.” आपले मत त्यांनी पूर्ण सोडले नाही. ख्रिस्ताशिवाय तारण नाही यावर ते ठाम आहेत. पण ‘त्यांचा करार संपला’ हे वाक्य त्यांनी त्यानंतर माझ्यासमोर तरी उच्चारले नाही. एकोणतिसावे वचन, देवाची दाने आणि पाचारण मागे घेतली जात नाहीत, हे त्यांना अडले.

तरुण संघाला दुसरीकडे अडले. सव्विसाव्या वचनात ‘सर्व इस्राएल तारले जाईल’ असे आहे. त्यात भविष्याची आशा आहे, पण एखाद्या सरकारच्या प्रत्येक कृतीला होकार आहे असे काही त्या तीन अध्यायांत सापडेना. यिर्मया आणि आमोस या संदेष्ट्यांनी तर आपल्याच राजांना धारेवर धरले होते.

एक प्रश्न सगळ्यांना अस्वस्थ करून गेला. एका तरुण सभासदाने विचारले, मावशींना आपण सुवार्ता सांगायची की नाही? काहींना वाटले, न सांगणे म्हणजे प्रेम नसणे. काहींना वाटले, मिशनने त्या समाजापर्यंत वचन दोनशे वर्षांपूर्वीच पोचवले, आता पत्रक हातात देणे म्हणजे त्यांच्या दारात उभे राहून त्यांनाच त्यांचे ग्रंथ शिकवणे. पाळकांनी एवढेच ठरवून घेतले: त्यांच्या घरी कोणी पत्रक घेऊन जाणार नाही. त्यांनी विचारले तर आपली श्रद्धा लपवायची नाही. मला हा निर्णय योग्य वाटतो, जरी त्याने मूळ प्रश्न सुटला नाही.

निष्पत्ती

नाटकाची संहिता पुन्हा लिहिली गेली. जमाव आता ‘जमाव’ आहे, मुख्य याजकांना त्यांच्या पदाने संबोधले जाते, आणि शिष्य व मरीया त्याच वेशात असतात ज्या वेशात विरोधक. सुतळीच्या दाढ्या आणि रेघांच्या शाली गेल्या. रक्ताचे वाक्य ठेवायचे की काढायचे यावर मात्र एकमत झाले नाही. ते मत्तयात आहे, म्हणून काढू नये असे मास्तरांचे म्हणणे. संपूर्ण सत्ताविसावा अध्याय उपासनेत वाचायचा आणि ते वाक्य नाटकात घ्यायचे नाही, अशी तडजोड सध्या चालू आहे.

समितीने एका पानाचे टिपण मंजूर केले. वेदीजवळ कोणत्याही देशाचा झेंडा लावला जाणार नाही. यहूदी लोकांविषयी तुच्छतेने बोलले जाणार नाही. प्रार्थनेत अश्दोदच्या कुटुंबाचे आणि गाझातल्या व बेथलेहेमच्या ख्रिस्ती बांधवांचे, दोघांचेही स्मरण होईल, आणि तिथल्या बाकीच्या पीडितांचेही. देशाच्या सीमा आणि भविष्यवाणी यांविषयी सभासद वेगवेगळी मते बाळगू शकतील.

दोन कुटुंबे या टिपणावर नाराज होऊन जवळच्या दुसऱ्या संगतीत जाऊ लागली. तरुण संघाचा प्रमुख मात्र राहिला. त्याने झेंडा घरी नेला आणि मावशींच्या भाच्याचे नाव प्रार्थनेच्या यादीत स्वतः लिहिले.

मावशी अभ्यासाला आल्या नाहीत, त्यांना बोलावले असूनही. “तुमचं तुम्ही वाचा,” म्हणाल्या. सप्टेंबरात त्यांच्याकडून मलिद्याचे ताट आले.

कुठे वेगळे करता आले असते

नोव्हेंबरात झेंडा कपाटात ठेवला, ते चुकले असे मी म्हणणार नाही. पण त्याच आठवड्यात नर्सबाई आणि तरुण संघाचा प्रमुख यांना एकत्र बसवले असते तर पुढची कटुता कमी झाली असती. न बोलता हटवलेल्या वस्तूचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या परीने लावला. प्रमुखाला वाटले पाळक घाबरले, मास्तरांना वाटले आपला विजय झाला.

दुसरे, अभ्यासाची सुरुवात अकराव्या अध्यायाच्या वादग्रस्त वचनांपासून होऊ नये. या मंडळीने नवव्यापासून सुरुवात केली, हे बरे झाले. तिथे पौल आपल्या यहूदी बांधवांसाठी स्वतः शापित व्हायला तयार आहे. हे वाक्य आधी वाचले की पुढच्या वादाचा सूर बदलतो. ज्या मंडळ्यांत थेट ‘सर्व इस्राएल’ यावरून सुरुवात होते तिथे पहिल्याच तासाला तक्ते आणि तारखा निघतात.

तिसरे, बेने इस्राएल समाजाचा इतिहास अभ्यासात फार उशिरा आला. तो पहिल्या बैठकीत यायला हवा होता. 1960 च्या दशकात इस्राएलच्या धर्मपीठाने (मुख्य रब्बींच्या संस्थेने) याच समाजाच्या यहूदीपणावर शंका घेतली, त्यांच्या लग्नांना अडथळे आले, आंदोलन झाले आणि 1964 साली सरकारने त्यांना पूर्ण यहूदी म्हणून मान्यता दिली. तरुण संघाला हे कळले तेव्हा त्यांचा मधला रकाना पहिल्यांदा भरू लागला. राज्य आणि लोक एकच नव्हेत, हे समजावायला आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या माणसांची ही हकीकत कोणत्याही व्याख्यानापेक्षा जास्त उपयोगी पडली.

गेलेल्या दोन कुटुंबांकडे पाळक टिपण मंजूर होण्याआधी घरी जाऊन आले नव्हते. मसुदा त्यांना रविवारी चर्चमध्येच कळला. आता पाळक त्यांच्याकडे जाऊ लागले आहेत. त्यांतले एक कुटुंब नाताळच्या उपासनेला येऊन गेले, दुसऱ्याने अजून काही कळवलेले नाही.